भरमाण्णांचा डावा कान
या, जवळ बसा, एका मेस्त्रींची गोष्ट सांगतो. मच्छे गावचे भरमाण्णा कीर्तनात पेटी वाजवत, गॅरेजात इंजिनं कानानं जुळवत. लेक रेणुकासोबत तीन दिवस खपून त्यांनी छोट्या कारमध्ये मोटारसायकलचं इंजिन बसवलं, इंजिनात हवा सोडणाऱ्या चार थ्रॉटल बॉडींना नव्या नळ्या जोडल्या. इंजिन सुरू करून प्रत्येक बॉडीचा श्वास ते कानाला रबरी नळी लावून ऐकू लागले. चौथी कोपऱ्यात होती, तिला डावा कान लावावा लागला. “ही मुकी हाय. उतरव इंजिन!” रेणुकानं नळी स्वतःच्या कानाला लावली. “आप्पा, हवा लई झ्याक वढतीया की!” “मला शिकवतीस व्हय गं?” म्हणत त्यांनी वाकून उजवा कान लावला. सूर स्वच्छ होता. “इंजिन बरं हाय, माझा कान गेलाय. हितनं फुडं तू ऐक, मी पाना धरतो.” बाबांनो, देवापुढं हात जोडाल तेव्हा आपली चूक लेकीपुढं कबूल करणाऱ्या या मेस्त्रींचीही आठवण काढा.