नवी गादी

राजूरच्या आखाड्यात नव्याकोऱ्या गादीवर बसून भगवानराव वस्ताद बादलचा मोबाइल न्याहाळत होते. त्यांच्या या पठ्ठ्याला जपानमधल्या दोन कुस्ती कंपन्यांनी बोलावलं होतं. 'कुरोगाने'मध्ये सगळा मार अस्सल. दात पडला तर पडला, जो तगेल तो जिंकेल. 'हानाबी'त मात्र मुखवटे, गाणी, धूर, आणि कोण जिंकणार ते आधीच कागदावर लिहिलेलं.

बादलनं हानाबीला होकार कळवून टाकला होता.

"अबे, माह्या हाताखालचा गडी तू, अन् नुरा कुस्ती खेळाले जाऊन राह्यला? काहून?" वस्ताद कडाडले.

बादलची नजर गादीकडं गेली, तशी वस्तादांना नको असताना वणीची निवड चाचणी आठवली. बादलनं सभापतींच्या पुतण्याला चीतपट केलं होतं, तरी पंच म्हणून वस्तादांनी हात उचलला तो पुतण्याचा. आखाड्याच्या भल्यासाठीच. सभापतींनी दिलेली ही गादी पुढच्याच आठवड्यात आली होती.

बादल शांतपणे म्हणाला,



"वस्ताद, थे लोकं ज्याले हरवतात, त्याले आधी सांगतात तरी."