सुतकातलं कलम

महारुद्रने चौथं रोप पुढं ओढलं, तेव्हा त्याच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. पहिली तीन वाया गेली होती. एकात चाकू खोल गेला, दोनांची साल फाटली. त्याने अंगठा सदऱ्याला पुसला आणि पुन्हा चाकू धरला.

बायको जाऊन आज तिसरा दिवस. सकाळीच तो मनकर्णाची राख सावडून आला होता आणि अंघोळ करून थेट परसात येऊन बसला होता. परसात पिशव्यांमधून जंबेरीची चाळीस रोपं उभी होती. जंबेरी म्हणजे रानटी आंबट लिंबू, पण मुळं दणकट. त्यावर मोसंबीचा डोळा, म्हणजे काडीवरचा कोंब, भरला की झाड वर्षानुवर्षं हटत नाही. बिया तिनेच लावल्या होत्या. डोळेही तीच भरायची. महारुद्र पिशव्यांत माती भरायचा, पाणी घालायचा. चाकू त्याने कधी धरला नव्हता.

शेजारी ओल्या गोणपाटात मोसंबीच्या काड्या होत्या. राणीसावरगावजवळ तिच्या माहेरी तिच्या वडिलांनी लावलेलं मोसंबीचं एक झाड होतं. भावाला तिथं घर बांधायचं होतं. झाड पडायच्या आदल्या दिवशी मनकर्णा एसटीने गेली आणि संध्याकाळी काड्या घेऊन आली. पानं खुडली, देठं तेवढी ठेवली. उद्या भरू, म्हणाली. पहाटे तिच्या छातीत कळ आली. जीप गंगाखेडला पोचायच्या आत ती गेली. तिकडं त्याच दिवशी झाडही पडलं. आता त्या झाडाचं जे काही उरलं होतं ते या गोणपाटात होतं, आणि त्यातल्या दोन काड्या काळ्या पडल्या होत्या.

"महारुद्रा, चाकू ठेव."

थोरला भाऊ भगवानराव परसाच्या दारात उभा होता. मागं त्याची बायको सरजाबाई, हातात भाकरी-पिठल्याचं ताट घेऊन. मयताच्या घरात चूल पेटत नव्हती, म्हणून दोन वेळचं तीच आणत होती.

"थोडं राहिलंय, दादा."

"सुतकात झाडाला हात लावत न्हाईत, हे लेकराला बी ठावं हाय. ज्या हातानं परवा अग्नी दिला, त्याच हातानं डोळा भरायलास? एक धरायचा न्हाई."

महारुद्रलाही तेच वाटत होतं. विटाळाचा हात लागला की पानवेल जळते, लोणच्याला बुरशी येते, कलम धरत नाही, हे ऐकतच तो मोठा झाला होता. तीन रोपं चाकूनं गेली की सुतकानं, हे त्याला सांगता आलं नसतं. पण चाळीसच्या चाळीस मेली तरी ती भरून मरू देत. न भरता मरू द्यायची नाहीत, एवढं त्याने राख भरतानाच ठरवलं होतं.

"धा दिवस थांब. मग भर की."

"मी थांबन. काड्या थांबत न्हाईत."

"गाव काय म्हणंल? बायकोची राख गार झाली न्हाई आन् हा कलमं बांधायलाय."

"म्हणू दे."

"भावकी दहाव्याला यायची न्हाई, सांगून ठेवतो."

"नको येऊ दे. कावळा आला तरी बास झालं."

भगवानरावाचा चेहरा उतरला. तो खाली बसला आणि आवाज हळू करून म्हणाला, "आरं, तिच्या हाताला गुण होता. माझ्या मळ्यातली दीडशे झाडं तिनंच भरल्याली, एक मेलं न्हाई. देवाच्या कामासारखा पवित्र हात होता तो. त्या हाताचं नाव कामून घालवायलास?"

महारुद्रने खोडावर आडवा काप दिला, त्याखाली उभा. चाकूच्या टोकाने साल उचलली. या वेळी ती फाटली नाही. देठाला धरून त्याने डोळा सालीखाली सरकवला. तो बसला. आता वरून प्लास्टिकची पट्टी बांधायची होती. एका हाताने डोळा दाबून धरावा तर दुसऱ्या हाताच्या रक्ताळलेल्या बोटांतून पट्टी निसटत होती. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा ती त्याने मातीतून उचलली.

सरजाबाईने ताट ओट्यावर ठेवलं. ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि त्याच्या हातातली पट्टी काढून घेतली. खालून वर, वेढ्यावर वेढा, डोळा तेवढा उघडा. गाठ मारताना तिने तिकडं पाहिलंही नाही. महारुद्र त्या गाठीकडं बघत राहिला. गाठ मनकर्णाच्या हातची असावी तशीच होती.

"आगं, ऊठ," भगवानराव म्हणाला. "तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुमच्या दीडशे झाडांच्या पट्ट्या म्याच बांधल्यात." तिने पाचवी पिशवी ओढली. "भावजी, पुढचा डोळा काढा."

"तू? कवा?"

"घर एक होतं तवा. आमी दोघी बाजूला बसायचो, त्या चार दिवसांत." सरजाबाईने नवी पट्टी दाताने तोडली. "एरवी चुलीपुढून उठायला कुठं घावायचं? आन् विटाळाला भिऊन तुमच्यातलं कुणी परसात डोकवायला बी येत नव्हतं."