जड कुंड्या

रोसिनाने कपाटाचं दार उघडलं, पहिली कुंडी दोन्ही हातांनी जराशी उचलली आणि लगेच खाली टेकवली.

"बाबा, ही तहानलेली नाहीत. ही बुडतायत."

अदेमार तिच्या मागेच उभा होता, काखेत थर्मास धरून. कपाटातल्या दिव्याखाली गांजाची तिन्ही झाडं, इथल्या कायद्याप्रमाणे रीतसर नोंदवलेली, माना टाकून उभी होती. फुलं धरली होती, पण पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत होती आणि मातीला कुबट वास येत होता. पानं लोंबली म्हणून त्याने पाणी घातलं, आणखी लोंबली म्हणून आणखी घातलं. शिवाय येता-जाता थर्मासमधलं उरलंसुरलं कोमट पाणी होतंच. जन्मभर मोंतेविदेओत बस चालवलेला माणूस. घरी बसल्यापासून पायाला भिंगरी आणि काखेत थर्मास, एवढाच त्याचा उद्योग राहिला होता.

"झाड मान टाकतं तेव्हा माणूस दुसरं काय करणार?" तो म्हणाला.

 कुंड्यांखालच्या बशांमध्ये साचलेलं पाणी रोसिनाने ओतून टाकलं, कुंड्या विटांवर चढवल्या, बारीक काडीने मातीत हवा जाण्यापुरती भोकं पाडली आणि पंखा कुंड्यांच्या पोटाकडे वळवला. तिसऱ्या झाडाच्या एका तुऱ्यात करडी बुरशी दिसली. तेवढा तुरा तिने कापून पिशवीत बांधला. अदेमार त्या पिशवीकडे बघत राहिला. त्याच्या बायकोची, नेल्बाची, अंगावर उठलेली नागीण कधीच बरी झाली होती, पण बरगड्यांमधली आग मागे राहिली होती. या फुलांचं तेल जिभेखाली गेलं की तिला झोप लागायची. बाटलीच्या तळाशी आता थोडंसंच उरलं होतं, आणि बाहेर जुलैचा, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्याचा कडाका.

"आता मी काय करू?" त्याने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. कुंडी हलकी लागेपर्यंत एक थेंबसुद्धा नाही. पानं कितीही रडली तरी." आणि आईकडे वळून, याच्यावर लक्ष ठेव असं सांगून ती कामाला निघून गेली.

त्यानंतर अदेमारला काही सुचेना. त्याने कपाट उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. पानं तशीच. मग तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या नेल्बाकडे वळला. तिच्या पाठीमागची उशी सारखी केली. शाल वर ओढली. हीटर जवळ आणला, मग लांब नेला. तिने मागितली नव्हती ती बिस्किटं आणली. शेवटी समोर स्टूल ओढून येर्बा, म्हणजे आमचा कडू पानांचा चहा, भरायला बसला.

कडू येर्बावर पाणी ओतायचं काम घरात एकाच माणसाचं असतं, आणि या घरात ते लग्नापासून अदेमारचं होतं. तो वाळलेल्या भोपळ्याच्या वाटीत गरम पाणी ओतायचा, ती नळीने ओढून वाटी परत द्यायची. देताना आमच्याकडे कोणी धन्यवाद म्हणत नाही. म्हटलं की त्याचा अर्थ, बास, मला आता नको.

"झाडं काय बोलतात थोडीच," तो ओतता ओतता म्हणाला. "पुरे झालं हे मला कळायचं कसं?"

नेल्बाने वाटी रिकामी करून त्याच्या हातात दिली. "धन्यवाद."

थर्मास अजून निम्मा भरलेला होता. अदेमारने तो हलवून पाहिला. मग त्याने वाटी पुन्हा भरली आणि तिच्यापुढे धरली. "अजून एक घे. गरम आहे."

"मी तर बोलते ना, म्हाताऱ्या."

वाटी तशीच त्याच्या हातात राहिली. त्याला वाईट वाटलं, थोडा रागही आला. ती त्याने स्वतःच ओढून संपवली. जीभ भाजली.

नेल्बा खुर्चीचे हात धरून उठायला लागली. आजारपणापासून ती एकटी उठली नव्हती. त्याने उठूच दिलं नव्हतं. अदेमार स्टुलावरून अर्धा उठला.

"बस."

तो बसला. भिंतीला हात लावत, मध्येच थांबून श्वास घेत ती कपाटाकडे निघाली. त्याचे हात शिवशिवत होते. ते त्याने मांड्यांखाली दाबून ठेवले. तिने दार उघडलं, वाकून एका कुंडीची कड जराशी उचलली. बरगडीत कळ आली असावी, कारण ती तशीच वाकलेली थांबली. पण तिने हाक मारली नाही.

"अजून जड आहे," ती तिकडूनच म्हणाली. "बसून राहा."