खांबाची गाठ

महापुराला सहा वर्षं उलटली, तरी नळाची धार जोरात वाजली की रत्नव्वाची दातखीळ बसायची. नवरा कमरेला दोर बांधून शेजारच्या म्हातारीला आणायला पाण्यात उतरला, आपण गच्चीवर होतो, दोराचं दुसरं टोक तिथल्याच खांबाला बांधलेलं होतं, एवढं सांगेपर्यंत तिचे डोळे फिरायचे. खांबाची गाठ सुटली आणि माणूस वाहून गेला, हे तिला भावकीनंच सांगितलेलं.

धाकटा दीर भरमाप्पा दर बुधवारी तिला शिरोळहून कोल्हापूरला डॉक्टरांकडं आणायचा. "वैनी, ह्या उपचारानं सगळं पुसून जातंय बघा. किती दिस तेच धरून बसायचं?" असा दीर सात जन्म शोधून मिळायचा न्हाई, असं ती गावभर सांगायची.

गोळी घ्यायची आणि तीच आठवण पहिल्यापासून सांगायची, असा तो उपचार. पाचव्या बुधवारी रत्नव्वानं ती पहिल्यांदाच शेवटापर्यंत सांगितली. हात कापले नाहीत की आवाज अडखळला नाही.

बाहेर बसलेला भरमाप्पा बोलावल्यावर हसतच आत आला. "पुसलं न्हवं सगळं, डॉक्टर?"

"आठवण पुसली जात नाही हो," डॉक्टर त्याच्याकडं रोखून बघत म्हणाले. "तिच्यातली भीती तेवढी कमी होते. मग माणसाला ती नीट बघता येते."

रत्नव्वानं पदर सारखा केला.


"भावजी, खांबाची गाठ सोडताना तुमचं हात बी कापत न्हवतं."