आबांच्या वाटेचं गणित

चौथीच्या वर्गातला नकाशा रोज गावकऱ्यांच्या चालण्यातूनच गणित घालायचा. आज त्यावर वर्गशिक्षिका कुमुदबाईंच्या घरापासून पारापर्यंतची वाट उजळली.

'एक गृहस्थ सोमवारी २१० पावलं चालून परतले, मंगळवारी १८०, काल १५०. असंच चाललं, तर कोणत्या वारी शून्य?'

"बाई, हे तुमचे आबाच की," रेणुका म्हणाली. "रोज तीस कमी. पुढच्या सोमवारी शून्य."

"त्यांना माझी सायकल द्या," शेजारची कमळी म्हणाली. "नकाशाचं गणितच चुकंल."

वर्ग हसला. कुमुदबाईंच्या वडिलांच्या, आबांच्या आजाराबद्दल डॉक्टर महिनाभर नुसतं 'बघू' म्हणत होते.

कुमुदबाईंनी दुसरं गणित मागितलं. 'आधी हे तपासा,' नकाशावर अक्षरं आली.

रेणुका वही घेऊन पुढे आली. मांडणी स्वच्छ होती. चूक म्हणावं, तर पोरीनं पुन्हा वजाबाक्या करून तोच वार काढला असता. कुमुदबाईंनी बरोबरची खूण केली. सगळ्यांना ते गणित वहीत उतरवायला सांगून त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी सोमवारच्या रजेचा अर्ज लिहायला घेतला.