प्लग काढल्यावर

शेवटचा स्क्रू निघाला. मेकॅनिकच्या बायकोने टीव्हीचं मागचं झाकण उचलून कॉटखाली ठेवलं आणि पदर खोचला. टेबलावर चादर पसरून टीव्ही तिने पालथा घातला होता. मेकॅनिक शेजारी खुर्चीत बसून बघत होता. त्याचा उजवा हात मांडीवर परक्या वस्तूसारखा पडला होता.

"तीस वर्षं तुमच्या हाताखाली स्क्रू ड्रायव्हर द्यायचं काम केलंय मी," ती म्हणाली. "आज तुम्ही बोट दाखवा, मी करते."

"हो," तो म्हणाला.

अर्धांगाच्या झटक्यातून तेवढा एकच शब्द वाचला होता. भूक लागली तरी हो, पाठ दुखली तरी हो. त्या एका शब्दाचा सूर ओळखून ती घर चालवत होती. रोज सकाळी टीव्हीवर त्याचा पुन्हा बोलायला शिकायचा अभ्यास लागायचा. कपाचं चित्र यायचं, बाई म्हणायची, "कप." त्यानेही म्हणायचं. गेल्या आठवड्यात त्याच्या तोंडून नुसता 'क' निघाला, तर ही शेजारणीला सांगून आली. आणि परवापासून टीव्ही ठार बंद. लाल दिवासुद्धा लागत नव्हता. त्याचा जुना शिष्य जेवून येतो म्हणाला होता, पण तिला कुठला धीर.

मेकॅनिकने डाव्या हाताचं बोट रोखलं. सप्लायचा बोर्ड. मग बोर्डाच्या कोपऱ्यातला फ्यूज. तिने मीटरच्या दोन्ही सुया टेकवल्या. मीटर पीं करून वाजला.

"फ्यूज शाबूत आहे."

मग बोट प्लगकडे गेलं. तिने प्लग लावला, बटण दाबलं आणि त्याने पूर्वी शिकवलं होतं तशी दोन पावलं मागे सरकून उभी राहिली. तिथूनच वाकून टीव्हीच्या कडेखाली पाहिलं. लाल दिवा नाही. त्याने हाताने खूण केली, तशी तिने प्लग उपसून काढला. पुन्हा वाकली.

"अगंबाई! ह्या पिटुकल्या कंडेन्सरचं डोकं बघा कसं फुगलंय. हाच ना चोर?"

"हो!" तो म्हणाला आणि हसला. तोंडाच्या एकाच बाजूने, पण हसला. झाकण उघडलं तेव्हाच त्याला तो दिसला होता.

"बघा, आहे की नाही तुमच्या तोडीची? थांबा, बोर्ड उचलून खालचे सोल्डरचे टाके बघते." तिने बोर्डाचा पहिला स्क्रू फिरवायला घेतला.

मेकॅनिकचं हसू गेलं.

फ्यूज शाबूत आणि सप्लाय मेलेला. म्हणजे मधल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये, करंट साठवणाऱ्या डब्यात, आत्ता प्लग लावल्यावर भरलेला करंट कुठेच गेला नव्हता. प्लग काढला तरी तो तिथे तसाच बसून असणार, तीनशे व्होल्ट. आणि त्याची उघडी टोकं बोर्डाच्या खाली, बरोबर जिथे तिची बोटं जाणार होती.

हात नको लावू. वाक्य त्याच्या डोक्यात लख्ख होतं.

"हो," तो म्हणाला.

"हो हो, काढतेय." दुसरा स्क्रू.

"हो! हो!"

"अहो, घाई काय आहे?"

ती वाकलेली, पाठ त्याच्याकडे. तो जिवाच्या आकांताने मान हलवत होता. तिसरा स्क्रू काढून ती वळली, तर त्याचं बोट कंडेन्सरवर रोखलेलं.

"तो मोठा डबा? तिथेच तर हात घालतेय. दम धरा की जरा!"

चौथा स्क्रू निघाला. तिने बोटं बोर्डाच्या कडेखाली सरकवली.

मेकॅनिकने चांगला पाय जमिनीवर रोवला आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून स्वतःला खुर्चीतून ढकलून दिलं. खुर्ची आडवी झाली. टेबलाच्या पायावर कपाळ आपटलं.

ती धावली. भुवईतून रक्त येत होतं. तिने त्याला काखेत धरून उठवायचा प्रयत्न केला. एकदा, दोनदा, तीनदा. तिच्याने तो हलेना. मग ती तिथेच फरशीवर बसली, त्याचं डोकं मांडीवर घेऊन.

"एवढा कसला राग आला हो? तुमच्या कामाला हात लावला म्हणून? मी काय जन्मभर नुसती हाताखालीच राहायचं?"

"हो," तो रडत म्हणाला. "हो, हो."

"गप्प बसा!"

तो गप्प बसला.

शिष्य आला तेव्हा दोघं तशीच बसलेली होती. दोघांनी मिळून त्याला कॉटवर निजवलं, जखमेवर पट्टी लावली. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

शिष्य टीव्हीजवळ गेला. पिशवीतून त्याने दोन वायरींचा बल्ब काढला आणि बोर्डाची कड स्क्रू ड्रायव्हरने उचलून टोकं खालून मोठ्या कंडेन्सरला लावली. बल्ब भक्कन पेटला आणि विझला.

तिने दचकून भिंतीवरच्या सॉकेटकडे पाहिलं. प्लग जमिनीवरच पडला होता.

"अजून भरलेला होता," शिष्य म्हणाला. मग त्याचं लक्ष सुटलेल्या चार स्क्रूंकडे गेलं. "काकू, ह्याच्याखाली हात घातला नाही ना तुम्ही?"

"घालत होते."

शिष्याने हातातला बल्ब खाली ठेवला. "उस्तादांनी सांगितलं नाही?"

तिने कॉटकडे पाहिलं.

"सांगितलं," ती म्हणाली. "जीव तोडून सांगितलं रे."