महिनाभर तक्रार नाही

सात वर्षांच्या लावण्याला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. तिचे पाय दुखायला लागले की न्हावा शेवा बंदराची ट्रेलरची फेरी बुडवून मला घरी थांबावं लागायचं. गेला महिना मात्र एकदम शांततेत गेला.

आज डॉक्टर मॅडमनी तिच्या रक्ताचा रिपोर्ट दोनदा वाचला. "सुजेचे आकडे खूप वाढलेत. रक्तवाहिन्यांनाही इजा होतेय. एवढं होईपर्यंत पोरीला दुखलं नसेल, असं होणारच नाही. तुम्हाला काहीच बोलली नाही?"

लावण्या माझ्याकडे बघत घाईघाईने म्हणाली, "नाय दुखत, पप्पा. खरंच."



महिनाभर 'पाय दुखतात' म्हणाली नाही, म्हणून रविवारीच मी तिला कबूल केलेली सायकल आणून दिली होती.